विश्लेषण : एसजीपीटी ‘नॉर्मल’, तरी यकृत धोक्यात? यकृतविज्ञान घडवणाऱ्या शीला शेरलॉक यांची गोष्ट

रक्ताचा अहवाल हातात येतो. एसजीपीटीच्या आकड्यापुढे नॉर्मल लिहिलेले असते आणि घरातले सगळे सुटकेचा नि:श्वास टाकतात. जुनाट हिपॅटायटिसच्या रुग्णाबाबत मात्र हा नि:श्वास कधी कधी महागात पडतो. यकृताला किती इजा झाली, हे एका आकड्यावरून कळत नाही. मग ते कळते कशावरून? या प्रश्नासाठी एका डॉक्टरने जवळपास 60 वर्षे खर्ची घातली. त्या होत्या डेम शीला शेरलॉक. त्यांनी यकृतात सुई घालून निदान करायला शिकवले आणि त्यांच्याच हयातीत रक्ताच्या नळीने त्या सुईची जागा घ्यायला सुरुवात केली.

कोण होत्या शीला शेरलॉक?

शीला शेरलॉक यांचा जन्म 31 मार्च 1918 रोजी आयर्लंडमधील डब्लिन येथे झाला. वडील लष्करी अधिकारी होते. पुढे कुटुंब इंग्लंडमध्ये आले आणि शीला यांचे शालेय शिक्षण केंट परगण्यातील फोकस्टन येथे झाले. त्यांना डॉक्टर व्हायचे होते, पण 1930 च्या दशकात इंग्लंडमधील वैद्यकीय महाविद्यालये मुलींना मोजक्याच जागा देत. शीला यांनी अनेक ठिकाणी अर्ज केले आणि सगळीकडून नकार आला. अखेर 1936 मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरा विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला.

पाच वर्षांनी, 1941 मध्ये, त्या संपूर्ण वर्गात पहिल्या आल्या. सर्वोत्तम विद्यार्थ्याला मिळणारी एटल्स शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. त्याआधी हा मान फक्त एका महिलेला मिळाला होता. वर्षभर एडिंबरामध्ये शल्यचिकित्सक जेम्स लिअरमंथ यांच्या हाताखाली काम करून 1942 मध्ये त्या लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात जॉन मॅकमायकल यांच्याकडे दाखल झाल्या. यकृताशी त्यांची गाठ पडली ती इथेच.

युद्धाच्या काळात कावीळ एवढी महत्त्वाची का ठरली?

दुसरे महायुद्ध ऐन भरात होते आणि सैन्यात काविळीने हजारो जवान अंथरुणाला खिळत होते. काहींना दूषित अन्नपाण्यातून, काहींना रक्तापासून बनवलेल्या द्रव्यातून, तर काहींना गरमी रोगासाठी घेतलेल्या इंजेक्शनांनंतर कावीळ होत होती. ती नेमकी कशाने होते, हे ठामपणे सांगता येत नव्हते. पित्तनलिकेच्या तोंडाशी चिकट स्रावाचा बोळा अडकतो आणि पित्त तुंबते, अशी जुनी समजूत होती. सौम्य काविळीने सहसा कोणी दगावत नसे, त्यामुळे शवविच्छेदनातूनही उत्तर मिळत नसे.

उत्तर हवे तर जिवंत माणसाच्या यकृताचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघायला हवा होता. डेन्मार्कमध्ये 1939 साली इव्हर्सन आणि रोहोल्म यांनी सुईने असा तुकडा काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती. मॅकमायकल यांच्या चमूने ती हॅमरस्मिथमध्ये वापरली. उजव्या बरगड्यांमधून जाड सुई आत घालायची, रुग्णाने श्वास रोखून धरायचा आणि काडीएवढा तुकडा ओढून घ्यायचा, अशी ही रीत. आत रक्तस्राव झाला तर जिवावर बेतण्याचा धोका होता.

डिबल, मॅकमायकल आणि शेरलॉक यांचा शोधनिबंध 1943 मध्ये आला. काविळीच्या या तिन्ही प्रकारांत इजा नलिकेत नसून यकृताच्या पेशींमध्येच असते, हे त्यातील चित्रांनी दाखवून दिले. शेरलॉक यांनी याच विषयावर प्रबंध लिहिला आणि 1945 मध्ये एडिंबरा विद्यापीठाने त्यांना सुवर्णपदकासह एमडी दिली. त्या वेळी त्यांचे वय होते 27.

पण मग रक्ताच्या चाचण्या नव्हत्या का?

होत्या, पण तुटपुंज्या. रक्तातील बिलिरुबिन मोजता येत असे. तेही थेट आणि अप्रत्यक्ष अशा दोन भागांत मोजले जाई, पण हे दोन भाग वेगळे का वागतात, हे कोणाला माहीत नव्हते. हा उलगडा 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात झाला. यकृत बिलिरुबिनला एका आम्लाशी जोडून पाण्यात विरघळेल असे बनवते, हे दाखवणाऱ्या संशोधकांत बार्बरा बिलिंग होत्या. या जीवरसायनशास्त्रज्ञ शेरलॉक यांच्या दीर्घकाळच्या सहकारी. आजच्या प्रत्येक एलएफटी अहवालात बिलिरुबिनच्या ज्या दोन ओळी दिसतात, त्यांचा अर्थ या कामातून लागला.

दुसरी मोठी भर अमेरिकेतून आली. न्यूयॉर्कमध्ये लाड्यू, रॉब्लेव्स्की आणि कारमेन यांनी 1954 मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तात एसजीओटी हे विकर वाढते, असे दाखवले. पाठोपाठ यकृताच्या आजारातही ते वाढते हे समजले आणि एसजीपीटीची मोजणी सुरू झाली. आज हीच नावे अनुक्रमे एएसटी आणि एएलटी अशी लिहिली जातात.

ही विकरे पेशींच्या आत असतात. पेशी फुटली की ती रक्तात सांडतात. म्हणजे एसजीपीटी वाढले, तर या क्षणी पेशी मरत आहेत एवढे कळते. आजवर किती पेशी मेल्या आणि त्यांच्या जागी किती व्रण साचले, हे त्यावरून कळत नाही. घरातून आज धूर येतो की नाही, एवढेच हा आकडा सांगतो. घराचा किती भाग आधीच जळून गेला, ते सांगत नाही.

यकृतासाठी स्वतंत्र विभाग कसा उभा राहिला?

शेरलॉक यांनी 1947 मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील येल विद्यापीठात काम केले. परतल्यावर वयाच्या तिशीत त्या हॅमरस्मिथमध्ये व्याख्याता आणि सल्लागार डॉक्टर झाल्या. 1951 मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने त्यांना फेलो म्हणून निवडले. तोवर इतक्या कमी वयात हा मान कोणत्याही महिलेला मिळाला नव्हता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी डॉ. जेरेंट जेम्स यांच्याशी विवाह केला. त्यांना दोन मुली झाल्या.

बिघडलेल्या यकृताचा रुग्ण गोंधळतो, बरळतो, बेशुद्ध होतो. आतड्यातील नायट्रोजनयुक्त द्रव्ये यकृताला वळसा घालून मेंदूपर्यंत पोहोचतात, म्हणून असे होते, असे 1954 मध्ये शेरलॉक आणि सहकाऱ्यांनी मांडले. पुढच्याच वर्षी, 1955 मध्ये, ‘डिसीजेस ऑफ द लिव्हर अँड बिलिअरी सिस्टिम’ हे त्यांचे पाठ्यपुस्तक आले. त्याच्या पहिल्या आठ आवृत्त्या त्यांनी एकटीने लिहिल्या. जगभरातील डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या यकृताचे आजार या पुस्तकावरून शिकल्या.

1959 मध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या प्रोफेसर ऑफ मेडिसिन झाल्या. ब्रिटनमध्ये हे पद मिळवणारी ती पहिली महिला. हेच महाविद्यालय 1874 मध्ये केवळ महिलांना डॉक्टर करण्यासाठी सुरू झाले होते. प्रोफेसरबाईंचा यकृत विभाग मात्र रुग्णालयाच्या गच्चीवर उभारलेल्या तात्पुरत्या लाकडी बांधकामात होता. देशोदेशीचे तरुण डॉक्टर तिथे शिकायला येत. शेरलॉक यांच्या वॉर्डफेरीत रुग्णाची माहिती मुखोद्गत नसलेल्याची खैर नसे. 1974 मध्ये रुग्णालय हॅम्पस्टेड येथील नव्या इमारतीत गेले.

रक्ताने निदान बदलले ते कसे?

पहिले मोठे वळण 1965 मध्ये आले. काही स्त्रियांना वर्षानुवर्षे खाज सुटे, मग कावीळ होई आणि हळूहळू सिरॉसिस होई. पित्तनलिकेत खडा किंवा गाठ असावी या शंकेने त्यांतील अनेकींचे पोट उघडले जाई आणि आत काहीच सापडत नसे. मिडलसेक्स रुग्णालयातील डेबोरा डोनियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांसोबत शेरलॉक यांनी या रुग्णांचे रक्त तपासले. पेशींमधील मायटोकाँड्रियाविरुद्ध प्रतिपिंडे त्यांच्या रक्तात सापडली. शरीर स्वत:च्याच यकृतातील बारीक पित्तनलिकांवर हल्ला करत होते. रक्ताच्या एका चाचणीमुळे पुढच्या कित्येक रुग्णांची विनाकारण होणारी शस्त्रक्रिया टळली.

दुसरे वळण विषाणूचे. अमेरिकी संशोधक बारूख ब्लूमबर्ग यांनी 1965 मध्ये ऑस्ट्रेलिया अँटिजेनचा शोध जाहीर केला. हा हिपॅटायटिस बी विषाणूचाच भाग असल्याचे नंतर स्पष्ट झाले आणि 1976 मध्ये ब्लूमबर्ग यांना नोबेल मिळाले. शेरलॉक यांच्या विभागाने 1969 मध्येच जुनाट यकृतविकाराच्या रुग्णांच्या रक्तात हा अँटिजेन शोधायला सुरुवात केली होती.

मरणाचे प्रमाण खरोखर बदलले का?

शेरलॉक यांच्या कामातील सर्वांत कसोटीचा टप्पा हाच होता. जुनाट सक्रिय हिपॅटायटिसच्या रुग्णांना स्टेरॉइड देऊन त्यांचा जीव वाचतो का, यावर डॉक्टरांमध्ये मतभेद होते. काहींना बरे वाटे, काहींना औषधाचाच त्रास होई. नुसत्या अनुभवावर विसंबून भागणार नव्हते. कुक आणि मलिगन या सहकाऱ्यांसोबत शेरलॉक यांनी 49 रुग्णांची दोन गटांत विभागणी केली. 22 जणांना रोज प्रेडनिसोलोन दिले, 27 जणांना दिले नाही.

निष्कर्ष 1971 मध्ये प्रसिद्ध झाले. औषध घेतलेल्या 22 पैकी 3 रुग्ण दगावले होते. औषध न घेतलेल्या 27 पैकी 15 जण दगावले होते. यकृताच्या जुनाट आजारात औषधाने आयुष्य वाढते, याचा इतका ठोस पुरावा त्याआधी क्वचितच कोणी दिला होता.

पण गोष्ट इथे संपली नाही. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसणाऱ्या यकृतांमागची कारणे वेगवेगळी असतात. शरीराची स्वत:वरच उलटलेली प्रतिकारशक्ती हे कारण असेल, तर स्टेरॉइड तारते. कारण हिपॅटायटिस बी असेल, तर तेच औषध मारक ठरू शकते, हे 1981 मध्ये हाँगकाँगमधील अभ्यासात दिसले. म्हणजे यकृताचा तुकडा इजा दाखवत होता, पण कारण सांगायला रक्तच लागत होते. सुई आणि नळी यांपैकी कोणतेही एक पुरेसे नव्हते.

सुईच्या मर्यादा कोणत्या?

इटलीच्या मेंघिनी यांनी 1958 मध्ये सुई यकृतात जेमतेम एक सेकंद राहील अशी पद्धत आणली आणि बायोप्सी बरीच सुरक्षित झाली. तरीही रक्तस्रावाचा धोका राहिलाच. शिवाय सुईने निघतो तो तुकडा संपूर्ण यकृताच्या साधारण 50 हजाराव्या भागाएवढा. व्रण सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. सुई बऱ्या भागात गेली, तर खराब यकृतही बरे दिसते.

त्यात जुनाट हिपॅटायटिस वर्षानुवर्षे चालतो. 1989 मध्ये हिपॅटायटिस सी विषाणूचा शोध लागला आणि रुग्णांची प्रचंड संख्या समोर आली. इतक्या लोकांना दर काही वर्षांनी सुई टोचणे अशक्य होते. डॉक्टरांना साध्या रक्तातून व्रणांचा अंदाज हवा होता.

मग रक्तातून व्रण मोजतात कसे?

यकृत थकले की त्याची कामे मंदावतात. ते अल्ब्युमिन कमी बनवते, रक्त गोठवणारे घटक कमी बनवते, म्हणून रक्त गोठायला जास्त वेळ लागतो. व्रणांमुळे यकृतातून रक्त जाणे अवघड होते, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट अडकवून ठेवते. त्यामुळे रक्तातील प्लेटलेट घटतात. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ आणि रुग्णाची अवस्था यांवरून सिरॉसिसची तीव्रता ठरवणारी चाइल्ड-प्यू श्रेणी 1973 मध्ये लंडनच्याच किंग्ज कॉलेज रुग्णालयातून आली. तो विभाग उभारणारे रॉजर विल्यम्स हे पूर्वी रॉयल फ्रीमध्ये शेरलॉक यांच्या हाताखाली काम केलेले.

सिरॉसिसच्या आधीचे व्रण ओळखणे मात्र अधिक कठीण होते. 2001 मध्ये फ्रेंच संशोधकांनी फायब्रोटेस्ट मांडली. तिच्यात रक्तातील पाच घटक, वय आणि लिंग यांवरून व्रणांचा अंदाज येतो. 2003 मध्ये एपीआरआय आणि 2006 मध्ये फिब-4 ही आणखी सोपी सूत्रे आली. यांना फक्त नेहमीच्या चाचण्यांचे आकडे लागतात.

फिब-4 चे गणित असे. वयाला एएसटीने गुणायचे. मग प्लेटलेटच्या हजारातील आकड्याला एएलटीच्या वर्गमुळाने गुणायचे. पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागायचे. उदाहरणार्थ, वय 60, एएसटी 48, एएलटी 36 आणि प्लेटलेट 1 लाख 20 हजार. 60 गुणिले 48 म्हणजे 2880. 120 गुणिले 6 म्हणजे 720. भागाकार 4. मूळ अभ्यासानुसार 1.45 पेक्षा कमी उत्तर आले तर गंभीर व्रणांची शक्यता कमी आणि 3.25 पेक्षा जास्त आले तर शक्यता बरीच. या उदाहरणात एसजीपीटी, म्हणजेच एएलटी, बहुतेक प्रयोगशाळांच्या मर्यादेत बसते. तरीही यकृत धोक्याची घंटा वाजवते आहे.

हे आकडे डोळे झाकून वापरायचे नसतात. सूत्रात वय असल्याने तरुणांत आणि 65 च्या पुढच्यांत अंदाज चुकू शकतो. नुकतीच कावीळ झाली असेल, तर विकरे एकदम वाढतात आणि उत्तर फसवे येते. दोन मर्यादांच्या मधला आकडा आला, तर फायब्रोस्कॅन किंवा कधी बायोप्सीही करावी लागते. निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.

आज याचा उपयोग काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 मध्ये जगात सुमारे 25 कोटी 40 लाख लोकांना जुनाट हिपॅटायटिस बी आणि 5 कोटी लोकांना हिपॅटायटिस सी होता. विषाणूजन्य हिपॅटायटिसमुळे त्या एका वर्षात सुमारे 13 लाख मृत्यू झाले. साधनांची कमतरता असलेल्या देशांत बायोप्सीऐवजी एपीआरआय आणि फिब-4 वापरावेत, अशी शिफारस संघटनेने हिपॅटायटिस सीबाबत 2014 मध्ये केली.

भारतात राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम 28 जुलै 2018 रोजी सुरू झाला. ब्लूमबर्ग यांचा जन्मदिवस असलेली हीच तारीख जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळली जाते. या कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. जिल्हा पातळीवरचा डॉक्टर ज्या आकड्यांवरून रुग्णाला सिरॉसिस आहे का याचा अंदाज घेतो, ते रक्ताच्या साध्या तपासणीतूनच मिळतात.

शेरलॉक यांचा अखेरचा काळ कसा होता?

1978 मध्ये त्यांना डेम हा किताब मिळाला. 1983 मध्ये विभागप्रमुखपदावरून निवृत्त झाल्यानंतरही त्यांनी रुग्ण तपासणे, लिहिणे, शिकवणे थांबवले नाही. रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले ते थेट 2001 मध्ये, वयाच्या 83 व्या वर्षी. त्याच वर्षी फायब्रोटेस्टचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. डिसेंबरमध्ये त्यांच्या लग्नाला 50 वर्षे पूर्ण झाली आणि अवघ्या दोन आठवड्यांनी, 30 डिसेंबर 2001 रोजी, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. आयुष्यभर यकृतातील व्रणांचा माग काढणाऱ्या शेरलॉक यांना फुप्फुसांतील व्रणांच्या आजाराने, पल्मनरी फायब्रोसिसने, गाठले.

सुईने काढलेला तुकडा आणि नळीतले रक्त एकमेकांशी ताडून पाहायचे, ही त्यांची शिस्त होती. आजची रक्ताची सूत्रेही हजारो बायोप्सींशी ताडूनच तयार झाली आहेत. त्या तुकड्यांनी आधी खरे काय ते दाखवले, म्हणून आज रक्ताच्या आकड्यांवर भरवसा ठेवता येतो. पुढच्या वेळी एसजीपीटी नॉर्मल दिसले, तर त्याच कागदावर प्लेटलेट, अल्ब्युमिन आणि एसजीओटीचे आकडेही बघायला हवेत, आणि हिपॅटायटिस बी किंवा सी असेल तर डॉक्टरांना फिब-4 विचारायला हवा.